इस्राएलमधल्या मंडळाशी सिनेगॉगची जोडी जमवताना: कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

आपल्या बेने इस्राएल (कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू) समाजात सिनेगॉगच्या (प्रार्थनास्थळाच्या) बऱ्याच कमिट्यांकडे एक फोटो असतो. शाल, पुष्पगुच्छ, मेनोरा (शाखांचा दिवा), मागे 'भारत-इस्राएल बंधुत्व' लिहिलेला बॅनर. त्या फोटोनंतर पुढे काय झालं, असं विचारलं की व्हॉट्सॲप ग्रुप दाखवतात, आणि ग्रुपवर वर्षभर 'शब्बाथ शालोम'चे फुलांचे मेसेज असतात. दोन्हीकडची माणसं चांगली, जिव्हाळाही खरा. तरीही काम उभं राहत नाही, कारण क्रम उलटा लागलेला असतो. आधी पाहुणे येतात, मग पैशाचं बोलणं होतं आणि काम काय करायचं ते शेवटी सुचतं.

हा लेख मुंबई, ठाणे, पुणे, पनवेल, पेण, अलिबाग, रेवदंडा इथल्या सिनेगॉग कमिट्यांसाठी आहे. समोर दिमोना, अश्दोद, लोद, रामला किंवा बेर शेवा इथलं आपल्याच लोकांचं मंडळ आहे, असं धरून लिहिलं आहे. ज्यूइश एजन्सीचा (जगभरच्या ज्यूंना इस्राएलशी जोडणाऱ्या संस्थेचा) 'पार्टनरशिप टुगेदर' हा कार्यक्रम १९९४ पासून (आधी वेगळ्या नावाने) अमेरिका-युरोपमधले समाज आणि इस्राएलमधले भाग जोडतो. पण तिथे पगारी माणसं असतात, मागे ज्यू फेडरेशनचा (देणग्या गोळा करणाऱ्या स्थानिक संघटनेचा) निधी असतो. आपल्याकडे सेक्रेटरी स्वतःच्या नोकरीतून वेळ काढतो. म्हणून त्यांची एकच गोष्ट उचलायची: दोन्हीकडची माणसं असलेली एक समिती, आणि काय करायचं ते त्याच समितीने ठरवायचं. बाकी डोलारा सोडून द्या.

१. आधी काम, मग जोडीदार

कमिटीच्या बैठकीत पहिला प्रश्न 'कोणाशी जोडायचं?' हा नको. 'असं कोणतं काम अडलंय, जे एका बाजूला एकटीला जमत नाही?' हा हवा. उत्तर एका वाक्यात बसलं पाहिजे. उदाहरणार्थ:

- दफनभूमीतल्या दगडांची नोंद. दगड आणि मराठी आपल्याकडे, हिब्रू वाचणारे आणि नातवंडं तिकडे.
- आपल्या चालीतल्या प्रार्थना आणि कीर्तनं ध्वनिमुद्रित करणं. म्हाताऱ्या हजानांपैकी (प्रार्थना म्हणणाऱ्यांपैकी) काही इथे, काही तिथे.
- इथल्या मुलांना बोलती हिब्रू शिकवणं. आपली मुलं सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक) वाचतात, पण बसचं तिकीट मागू शकत नाहीत.

'संबंध दृढ करणे', 'युवा पिढीला वारशाची ओळख' ही कामं नाहीत. ती निमंत्रणपत्रिकेवर शोभतात. काम असं हवं की वर्षाने कोणी विचारलं तर झालं की नाही झालं, एवढंच उत्तर देता यावं.

> सावध: एका वेळी एकच काम. तीन ठरवली की तिन्ही एकाच माणसाच्या गळ्यात पडतात.

२. घरचे कागद नीट करा

हा भाग कंटाळवाणा आहे आणि नेमका हाच टाळला जातो. समोरचं मंडळ नोंदणीकृत असेल तर त्यांचा हिशेबनीस पहिल्याच महिन्यात विचारणार: तुमच्या वतीने सही कोण करतं? तेव्हा 'मुकादम (सिनेगॉगचे प्रमुख) बघतात सगळं' हे उत्तर चालत नाही.

आपली बहुतेक सिनेगॉगं महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली आहेत. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परिशिष्ट-१चा ताजा उतारा काढा. त्यावरच्या विश्वस्तांपैकी किती जण हयात आहेत आणि किती जण तीस वर्षांपूर्वीच इस्राएलला गेलेत, ते बघा. हसू नका, हे सर्रास दिसतं. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो. तो राहिला असेल तर वकिलाला गाठून आधी ते मार्गी लावा. कागदावर जे विश्वस्त नाहीत, त्यांनी केलेल्या करारावर उद्या आपल्याच समाजातला कोणीतरी हरकत घेईल.

मग बैठक बोलवा आणि इतिवृत्तात ठराव लिहा: काम कोणतं, आपल्या बाजूने कोण दोघं बघणार, किती मुदतीसाठी. दोघांपैकी एक साठीच्या पुढचा आणि एक तिशीच्या आतला असावा. तिकडच्या आजी-आजोबांशी मराठीत बोलणारा एक, तिकडच्या नातवंडांशी इंग्रजीत बोलणारा एक. तिकडच्या तिसऱ्या पिढीला मराठी क्वचितच येते, हे गृहीत धरूनच चाला.

> तपासून घ्या: परिशिष्ट-१चा उतारा, पॅन, मागच्या ३ वर्षांचे ऑडिट अहवाल, ठरावाची प्रत. चारही एका फोल्डरमध्ये. फोल्डर संस्थेच्या ईमेलवर असावा, कोणाच्या खासगी खात्यावर नको.

३. समोर नेमकं कोण आहे

इस्राएलमध्ये 'भारतीय मंडळ' या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी सापडतात: सिनेगॉग, नोंदणीकृत संस्था (तिला तिथे 'अमुता' म्हणतात), आणि गावातल्या उत्साही माणसाचा फेसबुक ग्रुप. तिन्हींशी मैत्री करा, पण करार अमुताशी करा. तिच्याकडे निबंधकाचं चालू वर्षाचं 'निहूल ताकीन' प्रमाणपत्र आहे का, ते विचारा. संस्था रीतसर चालते याचा तो दाखला. विचारण्यात अपमान काही नाही, त्यांच्याकडे सरकारी अनुदान मागताना तोच कागद लागतो.

आणि नातं आधी बघू नका. 'माझा मावसभाऊ तिथे आहे' या आधारावर निवडलेलं मंडळ मावसभाऊ रुसला की संपतं.

आणखी एक. भारतातून गेलेले सगळे ज्यू बेने इस्राएल नाहीत. कोचिनी आणि बगदादी समाजांचे रिवाज, चाली, खाणं वेगळं आहे. त्यांच्याशी जोडी जमू शकते, पण चालींचं किंवा दफनभूमीचं काम असेल तर जमणार नाही.

४. दोन कॅलेंडरं शेजारी ठेवा

सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतात, म्हणून थोडं थांबून वाचा.

*घड्याळ.* भारत इस्राएलच्या हिवाळ्यात साडेतीन तास पुढे असतो, उन्हाळ्यात अडीच. त्यांचं घड्याळ मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर बदलतं, आपलं कधीच बदलत नाही. एप्रिलच्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या मीटिंगला निम्मे लोक तासभर चुकतात, त्याचं कारण हे. निमंत्रणात दोन्ही वेळा लिहा.

*आठवडा.* आपला रविवार रिकामा, त्यांचा रविवार कामाचा पहिला दिवस. त्यांचा शुक्रवार अर्धा-पाऊण सुट्टीचा, आपला पूर्ण कामाचा. शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्रीचा विश्रांतीचा दिवस) दोघांचाही. हिवाळ्यात शनिवारी रात्री साडेनऊची वेळ बसते. तिथे तेव्हा सहा वाजलेले असतात आणि शब्बाथ सुटलेला असतो. उन्हाळ्यात तिथे शब्बाथ सुटेपर्यंत आपल्याकडे अकरा वाजतात, म्हणून तेव्हा रविवारी रात्री नऊला बसा, त्यांचे साडेसहा.

*सण.* इस्राएलमध्ये पेसाह ७ दिवसांचा, आपल्याकडे ८. सिमहाथ तोरा त्यांच्याकडे आपल्यापेक्षा एक दिवस आधी. आपल्या आठव्या दिवशी तिकडून कामाचे फोन येतात आणि इथली वडीलधारी मंडळी दुखावतात. त्यांनी मुद्दाम केलेलं नसतं, त्यांचा सण संपलेला असतो. पेसाहचा आठवा दिवस किंवा शाबुओथचा दुसरा दिवस शनिवारी आला, तर तोराचं (ज्यू धर्मग्रंथाचं) साप्ताहिक वाचनही दोन देशांत वेगळं होतं, आणि ही तफावत पुढे काही आठवडे चालते. एकत्र पाराशा (त्या आठवड्याचा तोराचा भाग) वाचायचा वर्ग ठेवला असेल तर त्या आठवड्यांत कोणाचा पाराशा धरायचा, ते वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून ठेवा.

*शाळा.* मुलांचा कार्यक्रम असेल तर त्यांचं शालेय वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं, पण लगेच तिश्रीचे (सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या हिब्रू महिन्याचे) सण लागतात. आपल्याकडे मग दिवाळीची सुट्टी आणि मार्चमध्ये परीक्षा. उरतात नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी. जूनमध्ये उद्घाटन करून मुलांना जोडायला गेलात, तर तिकडच्या शाळा सुट्टीवर निघालेल्या असतात.

> तपासून घ्या: एका तक्त्यात बारा महिने. इस्राएलचे सण, आपले सण, दोन्ही शाळा, कोकणचा पाऊस. लाल खुणा करून झाल्यावर जे पांढरं उरेल, तेवढंच तुमचं वर्ष.

५. एक पानाचा करार

दहा पानांचा एमओयू कोणी वाचत नाही. एक पान पुरे, आणि त्यात एवढं असावं: काम काय, दोन्हीकडचे दोन-दोन जण, मुदत १ वर्ष, भाषा (बैठक इंग्रजीत की मराठीत, टिपणं कोण लिहिणार), फोटो आणि रेकॉर्डिंग कोणाचं आणि कुठे टाकायचं, खर्च ज्याचा त्याने करायचा, आणि पटलं नाही तर कसं थांबायचं.

थांबण्याचं कलम लिहायला लोक लाजतात. लग्नाच्या बैठकीत काडीमोडाचं बोलल्यासारखं वाटतं. लिहा तरी. मुदत संपली की करार आपोआप संपतो, पुन्हा हवा असेल तर दोन्हीकडून नवा ठराव, एवढं वाक्य पुरतं.

फोटोचं कलम मात्र नीट लिहा. आपल्याकडे घराण्यांच्या याद्या, जन्मतारखा, पत्ते सढळपणे ग्रुपवर टाकले जातात. हयात माणसांची माहिती त्यांच्या होकाराशिवाय सीमेपलीकडे पाठवायची नाही, हे कागदावर असू द्या.

६. पहिलं काम हातात घ्या: दफनभूमीचं उदाहरण

कोणतंही काम निवडा, पहिले ३ महिने त्याचा एक लहान तुकडाच करा. दफनभूमीचं उदाहरण सविस्तर देतो, कारण ते सगळ्यांना सोपं वाटतं आणि बहुतेक वेळा बिघडतं.

पूर्ण दफनभूमी घेऊ नका. फक्त एक रांग घ्या. पाऊस सरल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान जा. सकाळी लवकर, ऊन तिरपं असताना. दुपारच्या उन्हात उथळ अक्षरं दिसतच नाहीत. दगड सावलीत असेल तर एकाने आरसा धरून ऊन बाजूने पाडायचं, दुसऱ्याने फोटो काढायचा. साफ करायला साधं पाणी आणि मऊ ब्रश. तारेचा ब्रश, ॲसिड, खडू काही नको. शेवाळ खरवडताना अक्षराची कडही निघते.

प्रत्येक दगडाचे तीन फोटो: पूर्ण दगड, लेख जवळून, आणि शेजारच्या दोन दगडांसह. तिसरा फोटो सगळे विसरतात, आणि मग कोणता दगड कुठे होता ते कळत नाही. तक्त्यात रकाने: रांग आणि क्रमांक, फोटो क्रमांक, मराठी मजकूर जसाच्या तसा (शुद्धलेखन सुधारायचं नाही), हिब्रू मजकूर, दोन्ही तारखा, दगडाची अवस्था. आडनाव लेखात आहे तसंच उतरवा. गावावरून आलेलं '-कर' आडनाव दगडावर एक, पासपोर्टवर दुसरं आणि हिब्रूतून परत इंग्रजीत येताना तिसरं होतं, म्हणून तिन्हींसाठी वेगळे रकाने ठेवा.

हिब्रू सालाचा हिशेब. दगडावर हजाराचा आकडा सहसा गाळलेला असतो. उरलेल्या आकड्यात १२४० मिळवले की इसवी सन येतं. ६८४ म्हणजे १९२४. पण हिब्रू वर्ष तिश्रीत सुरू होतं, म्हणून तिश्रीपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांना १२३९ मिळवायचे. निसान (मार्च-एप्रिल) ६८४ म्हणजे १९२४, किस्लेव (नोव्हेंबर-डिसेंबर) ६८४ म्हणजे १९२३. दगडावर इंग्रजी तारीखही असेल तर ताडून बघा. मेळ बसला नाही तर आधी अक्षर पुन्हा वाचा (हिब्रू साल अक्षरांनीच लिहितात): झिजलेल्या दगडावर दालेत (४) आणि रेश (२००) सारखे दिसतात, 'हे' (५) आणि 'हेथ' (८) ही अक्षरंसुद्धा.

हिब्रू वाचन तिकडच्यांनी करायचं, मराठी वाचन इथल्यांनी. मग दोघांनी एकमेकांचं वाचन तपासायचं. भागीदारी म्हणतात ती प्रत्यक्षात या तपासण्यात घडते. तिकडच्या तरुणाला दगडावर पणजीचं नाव सापडतं, तो आजीला विचारतो, आजी आपल्याकडच्या माणसाला फोन लावते. हे बैठकीत ठरवून होत नाही.

> सावध: शब्बाथला आणि सणाच्या दिवशी दफनभूमीत जायचं नाही. पाहुण्यांत कोणी कोहेन (पुरोहित घराण्यातला, जो दफनभूमीत जात नाही) असेल तर तो फाटकाबाहेर थांबेल. त्याला आत येण्याचा आग्रह करू नका, तक्ता भरायचं काम द्या.

७. पैसा: उशिरा, आणि नियम वाचून

इथे चूक झाली तर नुसता गैरसमज होत नाही, गुन्हा दाखल होऊ शकतो.

विदेशी अंशदान (विनियमन) कायदा २०१०, बोलीभाषेत एफसीआरए. परदेशी नागरिकाने तुमच्या विश्वस्त संस्थेला दिलेली देणगी या कायद्यात येते. तो पनवेलला जन्मला असेल, मराठी बोलत असेल, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असेल, तरी फरक पडत नाही. इस्राएली नागरिकत्व घेतलं म्हणजे तो परदेशी देणगीदार. रक्कम रुपयांत दिली, दानपेटीत टाकली, सेफरला (तोराच्या गुंडाळीच्या वाचनाला) बोलावल्यावर देणगी बोलून नंतर रोख दिली, तरीही. भारतीय पासपोर्टवर तिथे नोकरी करणाऱ्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे मात्र यात येत नाहीत.

परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए नोंदणी किंवा त्या विशिष्ट देणगीपुरती पूर्वपरवानगी लागते. पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. नोंदणीसाठी साधारणपणे ३ वर्षं जुनी संस्था आणि त्या काळात कामावर १५ लाख रुपये खर्च दाखवावा लागतो. लहान गावच्या कमिटीला हे बहुधा जमत नाही.

मग सुचतात त्या पळवाटा, आणि त्या सगळ्या बंद आहेत:

- 'ओळखीच्या नोंदणीकृत संस्थेत घेऊ आणि तिथून आपल्याकडे वळवू.' २०२० च्या दुरुस्तीपासून अशी रक्कम दुसऱ्या संस्थेला देता येत नाही.
- 'सेक्रेटरीच्या खात्यात घेऊ.' नातेवाइकांमधल्या व्यवहाराची सवलत ही व्यक्तीसाठी आहे. संस्थेच्या छपराच्या दुरुस्तीसाठी नाही.
- 'पैसे नको, लॅपटॉप आणि सिद्दूर पाठवा.' संस्थेला मिळालेली वस्तूही विदेशी अंशदानच धरली जाते.

मग करायचं काय? पहिल्या वर्षी सीमेपलीकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. इथला खर्च इथल्यांनी, तिथला तिथल्यांनी. पाहुण्यांनी स्वतःच्या हॉटेलचं, गाडीचं बिल स्वतः थेट भरायचं. दुसऱ्या वर्षी खरंच गरज पडली तर एफसीआरएची कामं करणाऱ्या चार्टर्ड अकाउंटंटकडे जा. नेहमीचं ऑडिट आणि एफसीआरए अशी दोन्ही कामं करणारे फार थोडे असतात, म्हणून सिनेगॉगचं नेहमीचं ऑडिट करणाऱ्याला विचारून भागेल असं समजू नका.

> सावध: उलट दिशेनेही भेट द्यायची घाई नको. जुना सेफर तोरा, हाताने लिहिलेला कथुबा (विवाहाचा करार), पितळी दिवा पाहुण्यांच्या हाती देऊ नका. शंभर वर्षांहून जुनी वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनं महत्त्वाचं हस्तलिखित पुरावशेष कायद्यात येऊ शकतं, आणि ते खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. शिवाय ती विश्वस्त संस्थेची मालमत्ता असते, कमिटीच्या मर्जीची नाही.

८. पाहुणे आता बोलवा

दहा-बारा महिने काम चाललं असेल, तक्ता भरत आला असेल, तर भेट. बघायला काहीतरी असतं आणि बोलायलाही.

व्हिसा आणि नोंद: पर्यटक व्हिसावर आलेल्याकडून महिनोन्‌महिने शिकवणीचं काम करून घ्यायचं मनात असेल तर आधी चौकशी करा. घरी उतरवलेल्या परदेशी पाहुण्याची नोंद यजमानाने २४ तासांत एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या) संकेतस्थळावर करायची असते. 'आपलाच माणूस आहे' म्हणून ती राहते.

सुरक्षा: नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईतल्या नरिमन हाउसवर (ज्यू केंद्रावर) हल्ला झाला, त्यानंतर मुंबई-पुण्यातल्या सिनेगॉगांना पोलीस बंदोबस्त असतो. स्थानिक पोलीस ठाण्याला पाहुण्यांची यादी लेखी द्या. दौऱ्याचं वेळापत्रक फेसबुकवर टाकू नका, फोटो दौरा संपल्यावर टाका.

प्रवास: कोकणचा दौरा रविवार ते गुरुवार आखा. शुक्रवारी दुपारपर्यंत सगळे मुक्कामी पोचलेले हवेत आणि मुक्काम सिनेगॉगपासून चालत जाण्याच्या अंतरावर. शब्बाथ पाळणारा पाहुणा शनिवारी गाडीत बसणार नाही, आणि त्याला अलिबागहून मांडव्याच्या जेट्टीपर्यंत चालत पाठवता येणार नाही. पाहुण्यांमुळे गावच्या सिनेगॉगात मिन्यान (सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष) जमणार असेल, तर गावातल्या घरांना आधी कळवा. वर्षातून क्वचितच दहा पुरुष जमणाऱ्या ठिकाणी ही मोठी गोष्ट असते.

जेवण: कोषेर (ज्यू आहाराचे नियम) किती काटेकोर, ते प्रत्येक पाहुण्याला लेखी विचारा. घरोघरी उत्तर वेगळं येतं. सुरमई, बांगडा चालतो, पण परक्या कढईतला चालेलच असं नाही. काहींना नवीन भांडी लागतात, काही फक्त फळं खातात. मलिदा सगळ्यांनाच हवा असतो. पोहे, ओला नारळ, साखर, वेलची, वरून फळं. तो बाहेरून मागवू नका, पाहुण्यांनाच नारळ खोवायला बसवा. भाषणांपेक्षा बरं.

भाषणं तीनच, प्रत्येकी पाच मिनिटं. आमदारांना बोलवायचं तर बोलवा, पण मग तो दिवस त्यांचा झाला असं समजून काम दुसऱ्या दिवशी ठेवा.

९. वर्षाअखेर

मुदत संपायच्या २ महिने आधी दोन्हीकडच्या चौघांनी बसून तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची. ठरलेलं काम झालं का? कोणी एकटाच राबतोय का? पुढच्या वर्षी तेच काम की नवीन? एकटा राबणारा माणूस सापडला तर नवीन काम घेऊ नका, दुसरा माणूस शोधा.

इस्राएलमधली परिस्थिती बिघडली, विमानं रद्द झाली, मंडळातली तरुण मुलं राखीव दलात बोलावली गेली, तर बैठका थांबवा. फक्त दोन ओळींचा निरोप पाठवत राहा आणि उत्तराची घाई करू नका. मुदत मागे पडली तर दोन्हीकडे नवी तारीख टाकून ठराव करा.

निवडणूक होऊन कमिटी बदलली, तर जुन्या सेक्रेटरीने नव्याला तीन गोष्टी सही घेऊन द्यायच्या: संस्थेच्या ईमेलचा पासवर्ड, तक्त्याची आणि फोटोंची प्रत असलेली हार्ड डिस्क, आणि समोरच्या दोघांशी निरोपाचा नव्हे, ओळखीचा एक व्हिडिओ कॉल. हा कॉल जुन्याने लावायचा आणि पहिली दहा मिनिटं स्वतः बसायचं.